प्रकल्प नोंदी: बोरीबंदर–ठाणे पहिल्या गाडीचं स्मृतिपदक

८ जानेवारी २०२६

बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीला १६ एप्रिल २०२८ रोजी १७५ वर्षं होतील. त्यासाठी ठाण्यात काढायच्या पदकाच्या नोंदी आजपासून.

घडण नाण्याचीच आहे: वर-खाली डाय (छाप उमटवणारे पोलादी साचे), भोवती कॉलर (धातूला कडेनं धरणारं कडं), मध्ये ब्लँक (धातूची कोरी चकती), आणि थंड धातूवर दाब. पण हे नाणं नाही. नाणी पाडायचा अधिकार सरकारचा आहे आणि पैसा म्हणून वापरायला धातूचे तुकडे बनवणं २०११ च्या नाणेकायद्यात मना आहे. म्हणून मूल्याचा आकडा नाही, ₹ चिन्ह नाही. सिंहमुद्रा आणि 'सत्यमेव जयते' हेही नाही, कारण राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. सरकारी टांकसाळीचं चिन्ह वाटेल अशी पत्त्यांतल्यासारखी चौकट किंवा ठिपका सालाखाली टाकायचा नाही. मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर सालाखाली चौकटच असते, त्यामुळे नुसती नक्षी म्हणून टाकलेली चौकटसुद्धा दिशाभूल करेल.

मापं: व्यास ३९ मिमी. चांदी ९९९, वजन ३१.१ ग्रॅम. त्याच डायमधून तांब्याची आवृत्ती, तिचं वजन सुमारे २६.६ ग्रॅम भरेल. दोन्ही बाजूंचं डोकं एकाच दिशेला, म्हणजे पदक उभ्या अक्षावर फिरवलं की मागची बाजू सुलटीच दिसेल.

१४ जानेवारी

चिन्हं ठरवण्याची बैठक. टेबलावर आलेल्या चित्रांपैकी बरीचशी सुंदर होती आणि चुकीची होती.

व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जवळजवळ प्रत्येक स्केचमध्ये होती. तिचं काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८७-८८ च्या सुमारास संपलं. १८५३ मध्ये त्या जागी ती नव्हती. काढली.

खाडीवरच्या कमानींच्या पुलावरून धावणारी गाडी 'भारतातली पहिली गाडी' म्हणून सगळीकडे फिरते. पहिली गाडी ठाण्यालाच थांबली. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ ला सुरू झाला. पूल ठाण्याची ओळख आहे, हा युक्तिवाद मान्य आहे, पण या तारखेच्या पदकावर तो बसत नाही.

तिसरी चूक बारीक आहे आणि सर्वांत जास्त ठिकाणी दिसते. जुनं इंजिन म्हटलं की चित्रकार 'फेअरी क्वीन' काढतात. ते १८५५ चं, ईस्ट इंडियन रेल्वेचं, म्हणजे कलकत्त्याकडचं. त्याची चाकं बाजूने पाहिली तर लहान-मोठं-लहान अशी, २-२-२ रचनेची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची सुरुवातीची इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० रचनेची: पुढे एक लहान चाक, मागे दोन मोठी, आणि त्या दोघांना जोडणारा दांडा. पदकावर इंजिन १९ मिमी लांब येणार. एवढ्या आकारात पाहणाऱ्याला चाकांचा क्रम आणि जोडदांडा एवढंच खात्रीने दिसतं, म्हणून तेवढं तरी अचूक हवं.

स्वीकारलेली तथ्यं: शनिवार १६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीनच्या सुमारास प्रस्थान, २१ तोफांची सलामी, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ मैल म्हणजे ३४ किमी अंतर, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं.

१४ डबे दाखवायचे नाहीत. २६ मिमीच्या मधल्या वर्तुळात इंजिनामागे ते बसवले तर एकेक डबा दीड मिमीचाही होत नाही, खिडक्या तर सोडाच. तीन इंजिनांसाठी धुराचे तीन झोत सुचवले गेले. बाजूने पाहता एकाच इंजिनाला तीन धुराडी आहेत असं वाटतं, म्हणून तेही नको. तीन नावं कडेवर कोरू. ती हातात धरून पदक फिरवलं की एकामागून एक येतील, जशी ती इंजिनं एकामागे एक जोडली होती.

भारतीय रेल्वेच्या १५० वर्षांनिमित्त निघालेल्या सरकारी नाण्यावर कंदील धरलेला भोलू हत्ती आहे. ते नाणं इथे अभ्यासाला चांगलं आहे: एकच भरीव आकृती, मोजक्या रेषा, खिशातल्या नाण्यावरही ओळखू येणारी. आम्हाला प्रतीक नको, प्रसंग हवा आहे, पण आकृतीची ती मितव्ययता घ्यायची.

२१ जानेवारी

पदकावरच्या लेखाचा मजकूर ठरला: वर 'भारतातील पहिली प्रवासी रेल्वे', खाली '१६ एप्रिल १८५३'.

'प्रवासी' हा शब्द जागा वाचवायला काढावा अशी सूचना होती. काढता येणार नाही. मद्रासजवळ रेड हिल्स इथे दगड वाहण्यासाठी १८३७ मध्ये रूळ होते, आणि रुडकीला सोलानीच्या जलसेतूच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचं इंजिन माल ओढत होतं. तो एक शब्द गेला की लेख खोटा होतो.

२ फेब्रुवारी

पुढच्या बाजूची मांडणी, केंद्रापासूनच्या त्रिज्येत:
बाहेरची कड १९.५ ते १८.३ मिमी. आतलं बारीक वर्तुळ १६.६ वर, ०.३५ मिमी रुंद. लेखाची पट्टी १६.२ ते १३.२. मध्ये १३ मिमी त्रिज्येत इंजिन.

कड आणि आतलं वर्तुळ हेच दोन रूळ धरायचे आणि मधल्या १.७ मिमीत आडवे स्लीपर टाकायचे. संख्या २१, मैलाला एक. प्रत्येकाची रुंदी ०.९ मिमी, दोन स्लीपरच्या मध्यांतलं अंतर साधारण ५.२ मिमी. संख्या विषम असल्याने एक स्लीपर बरोबर बाराच्या जागी ठेवला की सहाच्या जागी बरोबर मोकळी जागा येते. तारखेचा मध्य त्या मोकळ्या जागेसमोर. याचा कारखान्यात फायदा आहे: डाय कॉलरमध्ये किंचित जरी फिरली तरी वरचा स्लीपर आणि मागच्या बाजूवर येणाऱ्या नकाशाचा उत्तरबिंदू जुळत नाहीत, आणि चूक मोजपट्टीशिवाय दिसते.

इंजिनाचं तोंड उजवीकडे. बोरीबंदरहून ठाणं ईशान्येला आहे, नकाशावर गाडी वर-उजवीकडे जाते. दोन्ही बाजूंची दिशा एकच राहील.

९ फेब्रुवारी

देवनागरी गोलाईवर. या कामाला इतर कशाहूनही जास्त वेळ द्यायला हवा, आणि बहुतेक पदकांवर तोच दिलेला नसतो.

संगणकात अक्षरं वर्तुळावर बसवली की प्रत्येक अक्षर स्वतंत्र फिरतं. रोमन लिपीत ते खपतं, कारण अक्षरं सुटी असतात. आपल्याकडे शिरोरेघ आहे. ती प्रत्येक जोडावर तुटते आणि वरच्या बाजूला पाचरीसारख्या फटी पडतात. उपाय एकच: अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करायचं, सगळ्या शिरोरेघा पुसायच्या, आणि प्रत्येक शब्दासाठी एक सलग कंस काढून त्याला अक्षरं टांगायची. वरच्या लेखासाठी कंसाची त्रिज्या १५.४ मिमी, जाडी ०.३२.

रूपांतर अक्षरं लिहिली त्याच प्रोग्रॅममध्ये करायचं. कोरीवकामाच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर तसाच नेला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. 'पहिली', 'रेल्वे', 'प्रवासी' हे तिन्ही शब्द त्यात सापडतात.

वरच्या कंसात मात्रा आणि वेलांट्या रुळाकडे जातात. त्यांना ०.८ मिमी मोकळी उंची ठेवली आहे. खालचा कंस सरळ वाचता यावा म्हणून उलट बाजूने घ्यायचा, म्हणजे तिथे शिरोरेघ केंद्राकडे आणि अक्षरांचे पाय रुळाकडे येतात. 'एप्रिल'मधली वेलांटी इंजिनाच्या रुळाला टेकत होती. इंजिन ०.६ मिमी वर घेतलं.

रेघेची जाडी कुठेही ०.२८ मिमीच्या खाली नको आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा ०.३५ च्या खाली नको. त्याहून अरुंद पोट म्हणजे डायमध्ये उभी राहिलेली पातळ काडी. ती दाबाखाली तुटते आणि मग प्रत्येक छापेत ते पोट भरलेलं येतं. 'प्र'च्या पोटाखालची तिरकी रेघ, 'भ'ची गाठ, 'ल्वे'तला अर्धा ल आणि '८'चा वळसा हातानं रुंद केले. अक्षराचं अंग १.७ मिमी उंच आहे. याहून लहान देवनागरी या पद्धतीनं करू नये.

शिवराईच्या छापेबद्दल इथे एक नोंद. त्या तांब्याच्या नाण्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' हा लेख आहे, पण डाय तुकड्यापेक्षा मोठी असल्याने एका नाण्यावर तो पूर्ण क्वचितच मिळतो. तरी दोन-तीन अक्षरांवरून शिवराई ओळखता येते. अक्षरं मोठी आणि ठसठशीत ठेवण्याचा तो फायदा. आमच्याकडे कॉलर आहे, लेख पूर्ण येणारच, पण अक्षराचा ठाशीवपणा तिथूनच शिकण्यासारखा आहे.

१६ फेब्रुवारी

मागची बाजू: मुंबई आणि साष्टी बेटांचा नकाशा, त्यावर एक लोहमार्ग, दोन टोकांना 'बोरीबंदर' आणि 'ठाणे'. डावीकडे समुद्रात '१७५ वर्षे' आणि '१८५३–२०२८'.

दोन गावांमधलं सरळ अंतर ३१ किमीच्या आसपास. पदकावर ते २३ मिमी घेतलं, म्हणजे १ मिमीला साधारण १.३५ किमी. उत्तर वर ठेवली की रेषा उभ्या अक्षापासून सुमारे २८ अंश उजवीकडे कलते. एक किलोमीटरपेक्षा लहान वळणं या मापात नाहीशी होतात. ती ओढूनताणून दाखवायची नाहीत.

किनारा आजचा घ्यायचा नाही. नरिमन पॉइंट ही विसाव्या शतकात भरावावर उभी राहिलेली जमीन आहे. आजचा किनारा १८५३ च्या तारखेशेजारी ठेवणं म्हणजे पुढच्या बाजूवर व्हीटी काढण्यासारखंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे नकाशे आधाराला घेतले.

एका ठिकाणी मापाला सोडून जावं लागलं. माहीमची खाडी मापाने ०.२ मिमीच भरते, चकाकीत ती दिसणार नाही आणि दोन बेटं एक होतील. ती ०.५ मिमी केली. शीव इथे गाडी बेट ओलांडते हे या नकाशातलं महत्त्वाचं ठिकाण आहे, ते पुसलं जाऊ नये.

ठाण्याची खाडी आणि पलीकडचा, आज नवी मुंबई आहे तो किनारा: खाडीला चकाकी, पलीकडे फक्त किनाऱ्याची एक रेघ. तिकडे नाव नाही, चिन्ह नाही. मासुंदा तलाव, कोपिनेश्वर आणि फ्लेमिंगो यांच्या सूचना आल्या होत्या. त्या ठाण्याच्या पदकाला शोभतील, या प्रवासाच्या पदकाला नाही.

२४ फेब्रुवारी

पाचपट आकारात रेझिनची प्रत काढली, १९५ मिमी व्यासाची. मोठ्या प्रतीवर सगळंच छान दिसतं, म्हणून ती फक्त उतार तपासायला. वाचनीयतेसाठी ३९ मिमीचा काळा-पांढरा छाप कागदावर काढून हातभर अंतरावरून पाहायचा. इंजिनाच्या बॉयलरवरचे रिव्हेट काढून टाकले, तिथे नुसता खडबडीतपणा दिसत होता.

४ मार्च

उठावाची मापं, पटापासून (आकृतीभोवतीच्या मोकळ्या सपाट भागापासून) वर: बॉयलर ०.४० मिमी, चाकं ०.३०, जोडदांडा चाकांवर ०.०८, अक्षरं ०.२२, स्लीपर ०.१५. मागे जमीन ०.१०, लोहमार्ग ०.२२, गावांची नावं ०.२०. कड दोन्हीकडे ०.५०, म्हणजे पदकं एकावर एक ठेवली तरी बॉयलर घासणार नाही.

नियम: दोन्ही बाजूंचे उंच भाग समोरासमोर नकोत. दाबाखाली धातू दोन्हीकडे ओढला जातो आणि दोघांनाही पुरत नाही. बॉयलरच्या मागे सखल जमीन आहे, हे चांगलं जुळलं. लोहमार्ग मात्र चाकांच्या मागून जातो, तिथे चाकांचा उठाव ०.३० वरच थांबवला.

भिंती उभ्या नकोत, किमान २० अंश उतार. उभ्या भिंतीत पदक अडकतं आणि सोडवताना अक्षरांच्या कडा ओरबाडतात. मधला पट अगदी सपाट न ठेवता डायवर मध्यभागी ०.०५ मिमी फुगीर केला आहे. त्याने धातू मधून कडेकडे वाहतो.

१३ मार्च

डायचं पोलाद ओएचएनएस (तेलात विझवून कठीण होणारं), ६० मिमी गोल. तोंडाचा व्यास ३८.९६, कॉलरचं भोक ३९.००. बाजूला ०.०२ मिमीची फट. ती वाढली की धातू वर चढून कडेला पात्यासारखी धार येते.

कोरीवकाम सीएनसीवर, वागळे इस्टेटमध्ये. आधी १ मिमीच्या गोल टोकाच्या हत्यारानं मोठा माल काढायचा, मग ०.२ मिमी टोकाचं निमुळतं, शेवटी अक्षरांसाठी ०.१. शेवटच्या फेरीत दोन ओळींमधलं अंतर ०.०२ मिमी. ०.१ चं टोक झिजलं तर अक्षरांचे कोपरे गोल होतात, म्हणून अक्षरांसाठी नवीन हत्यार आणि दोन्ही डायना वेगवेगळं. स्पिंडलचं डगमगणं आधी मोजायचं. एवढ्या बारीक टोकाला ०.०१ मिमीचा डगमगसुद्धा रेघ रुंद करतो.

डायवर सगळं उलटं असतं. प्रत्येक फेरीनंतर मऊ मेणाचा ठसा घेऊन सुलटं वाचून पाहायचं.

२३ मार्च

पाणी देणं, रबाळ्याला. ६५० अंशांवर आधी तापवून, मग ८०० अंश, तेलात विझवणं, आणि हाताला सोसेल इतकी ऊब असतानाच २०० अंशांवर दोन तास टेंपर, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं. कठीणपणा ५८ रॉकवेल.

डायचं तोंड उघडं ठेवून तापवलं तर पृष्ठभागातला कार्बन जळतो. पट मऊ पडतो, खवले धरतात आणि आरशासारखी चकाकी येतच नाही. तोंडावर कोळशाची बारीक पूड दाबून डबा बंद केला होता. विझवल्यावर टेंपरला उशीर करायचा नाही, न टेंपर केलेली डाय रात्रीत आपोआप तडकू शकते. तडा बहुधा चाकाच्या आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यापासून निघतो, म्हणून तिथे आधीच ०.१५ मिमीची गोलाई दिली आहे.

१ एप्रिल

पटाला चकाकी: ६, ३ आणि १ मायक्रॉनचा हिऱ्याचा लेप, प्रत्येक टप्प्याला वेगळी लाकडी काडी आणि मधे पूर्ण धुणं. आधीच्या टप्प्याचा एक कण राहिला तरी सबंध पटावर रेघ पडते.

चकाकी झाल्यावर पट टेपनं झाकून इंजिन, अक्षरं आणि जमीन यांवर ५० मायक्रॉनच्या काचमण्यांचा मारा, कमी दाबानं. त्यानं तिथे मळकट पांढरा, दुधी पोत येतो. समुद्र आरशासारखा आणि जमीन दुधी, हा फरकच नकाशा वाचायला लावतो.

८ एप्रिल

ब्लँक. २.४८ मिमी पत्र्यातून ३९.२ च्या चकत्या कापल्या, काठ वळवून ३८.७५ ला आणल्या. कापताना त्या थोड्या जडच ठेवायच्या आणि कडेनं घासून वजनावर आणायच्या. हलकी भरली ती वितळवायला.

तावणं, म्हणजे तापवून मऊ करणं: तांबं ५५० अंश, शुद्ध चांदी ४०० अंश. शुद्ध चांदी तापवताना काळवंडत नाही. तांब्यावर काळा थर येतो, तो दहा टक्के गंधकाम्लात निघतो. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. मग स्टीलच्या गोळ्यांबरोबर ड्रममध्ये घोळवून, गाळलेल्या पाण्यानं धुऊन, सुती कापडानं पुसणं. यापुढे ब्लँकला फक्त कडेनं आणि हातमोज्यानं धरायचं.

१५ एप्रिल

चाचणी छापा, तांब्यावर. चौरस मिलिमीटरला १४० किलो धरलं तर या क्षेत्रफळाला सुमारे १६७ टन लागतात. २५० टनांच्या हायड्रॉलिक प्रेसवर १२० टनांपासून पायरीपायरीनं वर गेलो.

१२० टन: इंजिन भरलं, अक्षरं बोथट, स्लीपर जेमतेम.
१५० टन: अक्षरं आली, खालचे स्लीपर वरच्यांपेक्षा पुसट.
१६५ टन: सगळं भरलं, पण कडेला धार.

खालचे स्लीपर पुसट येण्याचं कारण दाब नव्हतं. कड, वर्तुळ आणि स्लीपर तिघेही काठाजवळचाच धातू मागतात, आणि ब्लँकचा वळवलेला काठ एका बाजूला बुटका होता. अशा वेळी टन वाढवत नेले तर पुसट बाजू भरेपर्यंत ठसठशीत बाजूला धार येते. काठाची उंची सगळीकडे सारखी केली आणि १५० टनांवरच दोनदा दाब दिला, मधे पदक न हलवता. धारही गेली, स्लीपरही भरले. दुसऱ्या दाबाआधी पदक उचललं तर ते परत त्याच जागी बसत नाही आणि अक्षरांना सावली येते.

दुसरा दोष: 'रेल्वे'च्या मात्रा काही छापांत भरल्या नाहीत आणि त्याच जागी गुळगुळीत गोल खळगा. हे तेलाचं लक्षण आहे. डायच्या खोलगट भागात राहिलेला तेलाचा थेंब दाबला जात नाही आणि धातूला आत येऊ देत नाही. दर पाच छापांनंतर डाय अल्कोहोलनं पुसायची. पुसताना तंतू राहिला तर पटावर केसासारखी खोल रेघ उमटते, म्हणून पुसल्यावर हवेचा फवारा.

चांदी तांब्यापेक्षा मऊ, ती १३५ टनांत पूर्ण भरली.

२२ एप्रिल

कड. अक्षरं आधी कोरून मग छाप मारली तर कॉलरला घासून ती पुसली जातात. तीन तुकड्यांची कॉलर हा उत्तम मार्ग, पण कडेवर तीन सांधे दिसतात आणि खर्च मोठा. छापेनंतर फिरत्या चकवर फायबर लेझरनं कोरायचं ठरलं, खोली ०.०८ मिमी.

परीघ १२२.५ मिमी. 'साहिब', 'सिंध', 'सुलतान' समान अंतरावर, 'साहिब' बाराच्या स्लीपरखाली सुरू. अक्षरांची एकूण उंची १.५ मिमी. इथे अक्षर दाबानं भरायचं नसल्यामुळे ९ फेब्रुवारीची मर्यादा लागू नाही. 'चांदी ९९९' हे फक्त चांदीच्या पदकांवर, 'सुलतान'नंतर. एकाच डायनं दोन धातू छापत असल्यामुळे ते डायमध्ये घालता येत नाही.

२९ एप्रिल

डबी अॅक्रिलिकची, आतून ३९ मिमी. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात पदक ठेवायचं नाही, त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत तो लवकर येतो. डबीत सिलिका जेलची पुडी. खालच्या गादीला रबरी फेस नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते.

डायना गंजरोधक तेल, मेणकागद आणि तोंडावर लाकडी टोपण. मूळ आवृत्ती २०२८ च्या आरंभी छापायची. त्याआधी दोन्ही डायची चकाकी १ मायक्रॉनच्या लेपानं पुन्हा उजळायची आणि दुधी भाग पुन्हा झाकून मारायचा. मारा आधी करून चकाकी नंतर दिली तर लेप दुधी भागाच्या कडा खातो. आवृत्ती पूर्ण झाल्यावर दोन्ही डायच्या तोंडावर ग्राइंडरनं फुली मारायची आणि त्या फुलीचा तांब्यावर एक ठसा काढून या नोंदींसोबत ठेवायचा.